तोंडाने फुंकणारा शहाणा

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे, आणि माणसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

१९९९ साली केशोरीच्या उदारामने मला विकत घेतले. मला पाठीवर बांधून तो धानाच्या बांधीत उतरे, उघड्या अंगाने, नाकाला साधे फडकेही न लावता. वारा कुठून येतो हे बैलालाही कळते. उदारामला कळत नसे. विष तोंडावर उडाले की तो लुंगीने तोंड पुसायचा आणि विडी पेटवायचा. गावात मात्र माझे फार कौतुक होते. लोक मला मागून नेत आणि न धुता परत आणत.

पुढे प्लास्टिकचे पंप आले. मी गुरांच्या कोठ्यात कोंबड्यांच्या घाणीत पडलो. शेवटी उदारामची मुलगी अल्का मला कुडव्याला, सासरी घेऊन आली. तिने मला धुण्याच्या सोड्याने पुन्हा पुन्हा घासले आणि नवा वायसर बसवला.

तिने घरामागे सफरचंदाचे झाड लावले होते, उन्हात तगणाऱ्या जातीचे. शेजारचा दुलीचंद कुंपणावरून ओरडे, "अरे देवीदासभाऊ, गोंदिया कब से काश्मीर हो गया?" अल्काचा नवरा देवीदास खाटेवरून त्याच्यासोबत खदखदा हसे. राईस मिलमधून निवृत्त झाल्यापासून त्याला तेवढेच काम होते.

अल्का निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायची, कपड्यातून गाळायची आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारायची. अळ्या हाताने वेचायची. फळमाशी बसू नये म्हणून फळांना जुन्या लुगड्याच्या पिशव्या बांधायची. त्या कडू पाण्याचा वास मलाही आवडला नाही. पण माझ्या पोटात पहिल्यांदाच असे काही होते, ज्याने कोणाचा जीव जाणार नव्हता.

तिसऱ्या उन्हाळ्यात फळे लाल झाली, आणि ते झाड एकाएकी देवीदासचे झाले. "माझे सफरचंद पाहायले या," असे त्याने मिलमधल्या सगळ्या जुन्या सोबत्यांना रविवारचे आमंत्रण दिले. शनिवारी त्याला कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला.

"हे काय? लोक येऊन राहिले उद्या!"

"ते ठिपक्यांचे ढालकिडे खाऊन राहिले त्याले," अल्का म्हणाली. "दोन दिवस दम धरा. फवारू नका काही."

ती बुद्धविहारात गेली. दम धरणे देवीदासच्या रक्तातच नव्हते. त्याने दुलीचंदकडून धानाच्या औषधाची उरलेली बाटली आणली आणि माझ्यात ओतली. झाड भिजले. मग बाटलीतला गाळ माझ्या नोझलमध्ये अडकला. या शहाण्याने नोझल काढले, ओठांना लावले आणि जोरात फुंकले! गोचीडसुद्धा ज्यापासून पळते, ते हा चाखत होता.

थोड्या वेळाने तो घामाने निथळू लागला. तोंडातून लाळ गळू लागली. दुलीचंदची हाक ऐकून अल्का धावत आली. तिने त्याचा सदरा फाडून काढला, अंग साबणाने धुतले, बाटली पदरात बांधली आणि दुलीचंदच्या मोटारसायकलवर त्याला मधे धरून दवाखान्यात नेले. बाटली पाहून डॉक्टरांना विष कळले. तो वाचला. रविवारी सोबती आले ते त्यालाच पाहायला, दवाखान्यात.

अल्काने पिशव्या सोडून एकूण एक सफरचंद तोडले आणि खड्ड्यात पुरले. ती रडली नाही. फक्त प्रत्येक फळ हळूच ठेवत होती.

घरी आल्यावर देवीदास म्हणाला, "एक तरी ठेवतीस."

"कोणाले खायले देऊ? तुमच्या नातीले?"



मग अल्काने मला उचलले. पुन्हा कोणी विष भरू नये म्हणून तिने दगडाने माझ्या पोटात खिळा ठोकला. तिचे चुकले नाही. तरी मला वाटते, भोक माझ्या पोटाऐवजी दुसऱ्या कोणाच्या डोक्याला पडायला हवे होते.

आता मी भिंतीला टांगलेला असतो. समोर देवीदास झाडाखाली बसून अळ्या वेचतो. परवा दुलीचंदने कुंपणावरून पुन्हा एक बाटली पुढे केली, तर हा म्हणाला, "ठेव तुह्यापाशीच. मी चव घेऊन पायली हाय."

मित्रांनो, माझी कीव करू नका. नोझल तुंबले तर धुऊन काडीने मोकळे करा. उरलेले विष शेजाऱ्याला देऊ नका आणि शेजाऱ्याचे घेऊ नका. आणि झाडाची निगा जो राखतो, त्याचे ऐका. तोंड तुम्हाला फळे खायला दिलेले आहे.