लाल शिक्का

या, असे जवळ सरकून बसा. एका शिक्क्याची गोष्ट सांगतो, लक्ष मात्र इकडेच असू द्या.

आपत्ती कक्षात खात्याचं फेसबुक पान सांभाळणाऱ्या ताईंनी एका फोटोवर लाल शिक्का बसवला: 'अफवा'. फोटो गिरणीमागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी टाकला होता. 'पाणी शिरतंय, बाहेर पडा.' पुलाखालच्या मोजपट्टीवर तर पाणी अजून इशाऱ्याच्या खुणेखालीच होतं. शिक्का पडताच टिंगल सुरू झाली. 'बाईंची बादली लवंडली असेल,' गल्लीतल्याच कुणी लिहिलं. ताईंनाही हसू आलं.

तेवढ्यात निरोप आला: नदी नाल्यातून उलटी फिरली, गल्लीत मागून शिरली.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी शिंपीणबाईंना फोन लावला.

"घोट्याच्या वर आलंय," बाई म्हणाल्या. "सासूबाईंना उचलून बाहेर काढलं होतं. तुमचा शिक्का बघितला आणि परत आत आणलं."

"अहो, पण पाणी समोर दिसत होतं ना?"

"दिसत होतं की. म्हटलं, सरकारला आपल्यापेक्षा लांबचं दिसत असेल."



"आता निघा. शेजाऱ्यांनाही काढा."

"माझं कोण ऐकतंय, ताई? खोटारडी ठरले मी. तुम्हीच लिहा."

कक्षाचे साहेब मागे येऊन उभे होते. "शिक्का गुपचूप काढा आणि नवी सूचना टाका. चूक कबूल केली तर उद्या आपल्यावर विश्वास कोण ठेवील?"

"आणि आज त्यांच्यावर कोण ठेवील, साहेब?"

ताईंनी लिहिलं: 'शिंपीणबाई खरं सांगत होत्या. चूक आमची. गिरणीमागची गल्ली ताबडतोब सोडा.' बोट पाठवायच्या बटणावर थांबलं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"'आमची' लिहिलंय. म्हणजे मीही आलो त्यात."

"खोडू?"

साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले.

"असू दे. पाठवा."

दिवेलागणीपर्यंत गल्ली रिकामी झाली. सासूबाई पहिल्याच होडीतून गेल्या. शिंपीणबाई मात्र कमरेइतक्या पाण्यातून, मोबाइल उंच धरून, दारोदार तो मजकूर दाखवत फिरत होत्या. होडीवाल्याने त्यांना शेवटी अक्षरशः ओढून घेतलं.

देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या बाईंचीही आठवण काढा. त्यांना खोटं पाडणाऱ्यांच्या दारावर थाप मारताना त्यांचा हात अडखळला नाही.