दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी दोन्ही बाह्या कापायच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि त्यांचं डोकंच चालेना. दोन्ही डाव्याच. नातीचा वकिलीचा पहिला काळा कोट, आणि पन्नास वर्षं शिंपीकाम केलेल्या आजोबांनी तिला दोन डावे हात द्यावेत! काल हे कापलं तरी कधी? सकाळी की दुपारी? काही केल्या आठवेना.

पंधरवडाभर हे असंच चाललं होतं. उठल्यापासून दुपारपर्यंत डोक्यात नुसता कापूस. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधला, ते एक वेळ चालेल, चष्म्याचं तसं होतंच. पण परवा गिऱ्हाइकाची कंबर मोजली आणि आता पुढे काय करायचं तेच कळेना, टेप धरून उभेच. त्यांचा थोरला भाऊ शेवटी शेवटी आरशातल्या माणसाला 'या, बसा' म्हणायचा. आता आपली पाळी.

त्यांनी बाह्या खणात कोंबल्या, कात्री उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, हातात दिली.

"ही ठेव तुझ्याकडे. मी मागितली तरी देऊ नकोस."

तिनं का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मास्तरांना तेच जास्त लागलं.

दुपारी कोपऱ्यावरची औषधवाली आपला पांढरा कोट सैल करून घ्यायला आली. बोलता बोलता तिनं विचारलं, की झोपेच्या त्या मेलाटोनिनच्या गोळ्या या घरात एवढ्या कुणाला लागतात? महिन्याभरात मास्तरांनी एक बाटली नेली, लेकीनं एक आणि बाईंनी एक. ते ऐकून बाई आणि लेक आतून बाहेर आल्या.

मग एकेक बाहेर पडलं. डॉक्टरांनी सांगितली होती अर्धी. अर्धीनं काय होतंय, म्हणून लेक गोळ्यांच्या डबीत अख्खी ठेवत होती. मास्तर वर आणखी एक गुपचूप घेत होते. आणि बाई दुधात एक विरघळवत होत्या, ती वेगळीच. शिंप्याचंच घर ते! शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडायचं, कमी पडायला नको, जास्त झालं तर आत दुमडता येतं, हे तिघांच्याही अंगात मुरलेलं. पोटात गेलेली गोळी दुमडता येत नाही, हे काही एकाच्याही ध्यानात आलं नाही. औषधवालीनं कपाळाला हात लावला आणि तिघांना तसंच डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी समजावलं, की या वयात औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं. जास्त घेतल्यानं झोप जास्त लागत नाही, सकाळ मात्र धुरकट जाते, तोल जातो. तूर्त ती गोळी बंद. पुढे लागलीच तर डॉक्टरांना विचारून, अर्धीच, झोपायच्या दोन तास आधी, आणि देणारा हात एकच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना आपल्या मनानं काहीही नको. भावासारखं तर माझं होत नाही ना, असं मास्तरांनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आधी डोकं निवळू दे, मग तपासू. मास्तरांचा आणखीच गोंधळ उडाला. म्हणजे आपलं डोकं ठीक आहे, की नाही?

आठवड्यानं एके सकाळी डोकं निवळलेलं वाटलं, त्यांना चहाची चवसुद्धा कळली. त्यांनी खण उघडला, बाह्या काढल्या, कापड बोटांत धरून उलटसुलट पाहिलं आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

"कात्री दे."

"तुम्हीच म्हणालात, मागितली तरी देऊ नकोस." बाईंनी गॅस बारीक केला. "झोप झाली नाही की डोकं जातं, असं ऐकलं होतं मी. भाऊजींसारखं तुमचं होऊ नये म्हणून दुधात घालत होते हो. आणि मीच तुम्हाला..."

मास्तरांनी दोन्ही बाह्या ओट्यावर पसरल्या. ही डावी, म्हणाले, आणि हीसुद्धा डावी. कापड दोन्ही बाजूंनी सारखंच काळंभोर. त्यांनी आतली बाजू कळावी म्हणून मारलेली खडूची रेघ हातानं झटकली आणि दुसरी बाही पालथी केली.

"आता सांग, ही कुठली?"

बाईंनी वाकून बाहीची खांद्याकडची गोलाई पाहिली.

"उजवी," त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसून डब्यांमागची कात्री काढायला वळल्या.