बाबूच्या बागेतले आंबे

दहावीच्या गणिताचा पेपर चार दिवसांवर आलेला, आणि माझ्या सासऱ्यांनी एक गणित सोडवायला साफ नकार दिला.

हातखंब्याला आमची शिकवणी आहे. संध्याकाळी सहा ते सात शंकांचा तास. मराठी-इतिहासाच्या शंका माझ्याकडे, विज्ञानाच्या नितेशसरांकडे. गणिताचे सर ऐन वेळी पुण्याला पळाले, म्हणून त्यांच्या जागी मी सासऱ्यांना, आप्पांना, बसवलं. जुने बी.एस्सी., पण चाळीस वर्षं आंब्याच्या बागेत काढलेली. चूक माझीच.

अक्षया पूर्वपरीक्षेत गणितात गचकली होती. आता पुन्हा गचकली तर डिप्लोमा विसरायचा, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून आप्पा सांगतील ते अक्षरन् अक्षर वहीत उतरवायची. तिने विचारलं, "आप्पा, एका बागेत पहिल्या वर्षी पाचशे आंबे. दरवर्षी दोनशे वाढतात. दहा वर्षांत एकूण किती?"

"वाढतात कसे?" आप्पा भडकले. "हापूस एक वर्ष धरतो, दुसऱ्या वर्षी विसावा घेतो. तिसऱ्या वर्षी मोहरावर तुडतुडे. लिव गो, तीन हजार. त्यातनं वानरांनी खाल्लेले चारशे वजा कर."

अक्षयाने वजा केले. वहीत उत्तर आलं सव्वीसशे.

"अहो आप्पा, ही पुस्तकातली बाग आहे!"

"मग पुस्तकवाल्याक सांग, आधी एक कलम जगवून दाखव."

मी गणितात आंब्यांचे नारळ केले, तर उंदीर निघाले. नारळांचं भात केलं, तर रानडुकरं. मला अगदी रडू यायला लागलं.

अक्षया पेन चावत बसली होती. "आप्पा, ही बाग बाबूकाकांची असली तर?"

बाबू म्हणजे आमच्या बांधाला बांध लागलेला शेजारी. मागच्यापेक्षा यंदा जास्त, असं दरवर्षी गावभर सांगणारा.

"त्या थापाड्याची?" आप्पांनी खडू ओढला. "मग बरोबर हाय! तो दरवर्षी दोनशे वाढवूनच सांगतो." भराभर फळा भरला. चौदा हजार! पाठोपाठ बाबूची होडी प्रवाहाविरुद्ध गेली, बाबूने मनोऱ्याची सावली मोजली. चार दिवसांत बाबूने अख्खं पुस्तक संपवलं.

अक्षयाला गणितात एकाहत्तर पडले. पेढे घेऊन ती धावत आली, आमच्या दारावरून तशीच पुढे गेली आणि पहिला पेढा बाबूला दिला. आप्पांनी आपल्या वाट्याच्या पेढ्याला दोन दिवस हात लावला नाही.