बायजी झोपली असेल तर

आमचं ऑफिस सरावलीत, घरमालकीण बायजीच्या घराच्या माडीवर आहे. ऑफिस म्हणजे तीन टेबलं, एक पंखा आणि भिंतीवर एक भोंगा. माणसंही तीनच. विनोददादा मालक, मनिष प्रोग्राम लिहिणारा, आणि मी, निलम, त्या दोघांच्या चुका शोधणारी. मला कामाची कधी टंचाई पडलेली नाही.

या वर्षी आम्ही लसीच्या फ्रीजसाठी एक यंत्र बनवलं. फ्रीज गरम व्हायला लागला की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. पहिलं यंत्र तलासरीकडच्या डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्रात जाणार होतं. ते माझंच गाव. गेल्या वर्षी तिथला फ्रीज बंद पडला, कुणाला पत्ता लागला नाही आणि सगळी लस वाया गेली. माझी वहिनी धाकलीला झोळीत घालून दीड तास चालत आली होती, ती तशीच परत गेली. तेव्हापासून त्या फ्रीजवर माझा वैयक्तिक राग आहे.

मनिषने प्रोग्राममध्ये काही बदललं की आमच्या एकेचाळीस चाचण्या आपोआप चालतात. चाळीस मुक्या आहेत. एकेचाळिसावी खराखुरा भोंगा वाजवते आणि समोर ठेवलेला माईक तो ऐकतो.

पहिल्याच दिवशी दुपारी अडीचला भोंगा वाजला आणि मिनिटभरात बायजी कोयता घेऊन जिन्यात हजर. ती पहाटेपासून मिरचीच्या वाडीत राबते आणि जेवून दोन ते चार झोपते. "परत वाजवला ना, तर वायर नाय, हात तोडीन," ती म्हणाली. कोयता नारळासाठी आणला होता की आमच्यासाठी, हे आम्ही विचारलं नाही.

"ती झोपली असेल तेव्हा ती टेस्ट गाळायची," विनोददादा म्हणाले.

मग मी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल केलं. ते म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावर लावलेली चिठ्ठी. प्रत्येक प्रोग्राम आत शिरताना ती वाचतो. चिठ्ठीचं नाव 'बायजी झोपली'. चिठ्ठी दिसली तर भोंग्याची चाचणी गाळायची, नसेल तर वाजवायची. बायजीने चटई टाकली की चिठ्ठी लावायची, ती उठली की काढायची. अगदी सोपं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुढे मनिष आपले बदल संध्याकाळी, आम्ही घरी निघताना चढवायचा आणि सकाळी मी फक्त निकाल बघायचे. दोन महिने सगळं हिरवंगार होतं. यंत्र पाठवायच्या आदल्या दिवशी मी 'सर्व चाचण्या उत्तीर्ण' असा कागद छापला, खाली सही ठोकली आणि जेवायला खाली गेले. बायजी चटई झटकत होती.

"बाय, आज मना तीनला उठव. विवळवेढ्याला देवीला जायचाय. तुमचा तो भोंगाच वाजव."

"आजी, तो तर रोज वाजतो. तुम्ही उठल्यावर."

"कुठं वाजतो? होळीपासून नाय ऐकला मी."

मी हातातला घास ताटात ठेवला. बायजीचे कान असे, की वाडीत माकड शिरलं तर तिला चुलीपाशी कळतं. मी हात न धुताच वर धावले. निकालाच्या यादीत चाळीस हिरव्या ओळी होत्या, आणि तळाला एक बारीक पिवळी ओळ: 'एक गाळली'. दोन महिने ती तिथेच होती. मी फक्त हिरवं मोजत होते.

"मनिष, चिठ्ठी कोणी लावली?"

"लावली कुठे? उलट मी कायमची सोय केलीये," मनिष छाती फुगवून म्हणाला. "रोज काढा-घाला कोण करणार? कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप 'बायजी झोपली' बरोबर 'नाही', असं लिहिलं जातं."

मी कपाळावर हात मारला. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते माझा प्रोग्राम वाचतच नव्हता. चिठ्ठी आहे ना, मग झोपली. बायजीच्या घरात चहाचं असंच आहे. 'नको' म्हणा, 'आत्ताच प्यायले' म्हणा, तोंड उघडलंत की भरलेला कप समोर येतो. मनिषचा गाढवपणा होताच, पण अट मी लिहिली होती. आणि सही माझी होती.

मी चिठ्ठी फाडली आणि चाचणी लावली. भोंगा गप्प. लाल ओळ. मधल्या काळात विनोददादांनी यंत्रात नवा सर्किट बोर्ड बसवला होता. भोंग्याची वायर तिसऱ्या खोबणीत गेली होती आणि प्रोग्राम अजून दुसऱ्या खोबणीला हाका मारत होता. म्हणजे उद्या हे मुकं यंत्र माझ्याच गावात, माझ्याच सहीने गेलं असतं. मला इतकी लाज वाटली की मनिषवर ओरडायचंही राहून गेलं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण तोवर अडीच वाजले होते.

"चारपर्यंत थांबू," विनोददादा जिन्याकडे बघत कुजबुजले.

"कशाला थांबता?" जिन्यातून बायजीच वर आली. आमच्या धावपळीने तिला झोप लागली नव्हती. मी सगळं सांगितलं, वहिनीचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी झोपलेली असली की वाजवायचा नाय, असा कोणी ठरवला?"

"तुम्हीच, आजी. कोयता घेऊन."

"मी कोपिष्ट बाय हाय. तुम्ही शिकलेली ना? नर्सबाय जागी असली तर बंद पडलेला फ्रीज तिला दिसंलच. भोंगा झोपलेल्यासाठीच असतो ना रं?"

तीन टेबलांवर मिळून दोन डिग्र्या आणि एक डिप्लोमा होता.

बायजी खाली जाऊन झोपली. घोरणं ऐकू येईपर्यंत आम्ही श्वास रोखून बसलो. बरोबर तीनला मी चाचणी लावली. भोंगा असा कोकलला की पंख्यावरची धूळ मनिषच्या डोक्यावर पडली. माईकने हिरवी ओळ दाखवली, पण माझा विश्वास बसला तो जिन्यात कोयता दिसल्यावर. डोळे अर्धे मिटलेले, केस सुटलेले, बायजी चार पायऱ्या चढून आली, थबकली, आणि कोयता पदराआड घेतला.

"वाजला," ती म्हणाली.

तेव्हापासून अट उलटी आहे. बायजी जागी असेल तर चाचणी गाळायची, झोपली की वाजवायची, आणि चिठ्ठी अक्षरन् अक्षर वाचायची. जुना कागद मी फाडला. नव्यावर माझ्या सहीखाली बायजीने, साक्षरतेच्या वर्गात गिरवलेली, आपली तीन अक्षरी सही सावकाश केली. मग विचारलं, "चहा?"

"नको, आजी, उशीर होईल तुम्हाला," मी म्हणाले, आणि कप घ्यायला हात पुढे केला.