काशिनाथबाबाची पिवळी परात

मंगळवारी सकाळी डिचोलीजवळच्या आमच्या गावात खनिजाचे ट्रकसुद्धा थांबत. ड्रायव्हर, क्लीनर, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे काशिनाथबाबाच्या अंगणात. बाबा आजाऱ्याच्या हातांना कसलासा रस चोळी, वर तांब्यातलं स्वच्छ पाणी ओती, आणि बोटांवरून पिवळंधमक पाणी परातीत गळे.

"बघा, कावीळ कशी पाझरता ती! डागतराक जमतला ह्या?" बाबा गरजे. लोक हात जोडत.

गोवा घटकराज्य होऊन सात वर्षं झाली होती. आमच्या हायर सेकंडरीत सायन्सची तुकडी आली होती आणि बारावीला रसायनशास्त्र मी शिकवत होतो. बाबाच्या अंगणावरून जाताना मी नुसता हसायचो. हसण्यापलीकडे कधी काही केलं नाही.

त्या मंगळवारी मात्र रांगेत पूनम दिसली. वर्गात पहिली, प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस. तिने भावाला, संतोषला, धरून उभं केलं होतं. ट्रक चालवणारा धट्टाकट्टा पोरगा, पण डोळे हळदीसारखे आणि पायांत जीव नाही. विचारल्यावर पूनम म्हणाली, सरकारी डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वीच ताबडतोब ॲडमिट करायला सांगितलं होतं. बाबाने बजावलं होतं, "तीन मंगळवार येवा. तवसर गोळी नाय, सुई नाय. नायतर गुण येवचो नाय." हा तिसरा मंगळवार होता.

माझं डोकं फिरलं. रांग मोडून मी हात पुढे केले. "बाबा, माझीही उतरवा."

रस चोळला, पाणी ओतलं, पिवळा ओघळ आला.

"मास्तर, तुमची तर हाडात उतारल्या मरे!"

"मला कावीळ नाही. डोळे बघा माझे, पांढरेशुभ्र आहेत. पूनम, आता तू हात धर."

तिचेही हात पिवळे झाले. मग मी तांब्यातलं पाणी पेल्यात घेतलं, कुंपणातल्या पपईचा पोकळ देठ तोडला आणि तिला म्हटलं, "फुंक." ती फुंकत राहिली. पाणी पेजेसारखं पांढरं झालं.

"चुन्याची निवळी," ती पुटपुटली.

बाबाच्या घरामागच्या आंब्याचं खोड पुरुषभर उंचीपर्यंत सोललेलं होतं. मी तिकडे बोट दाखवलं. "आणि हा रस त्या सालीचा. त्याला चुना लागला की तो पिवळा होतो. हात रोग्याचा असो की रेड्याचा."

"देवाची परीक्षा घेतास?" बाबा ओरडला. पण रांग पांगू लागली होती. संतोषला आम्ही एका ट्रकमधून इस्पितळात नेलं. शुक्रवारी तो गेला. फार उशिरा आणलंत, डॉक्टर म्हणाले.

संतोषच्या बाराव्यानंतर पूनम वर्गात आली. मी विचारू नये ते विचारलं, "तुला कसं कळलं नाही गं?"

"सर, प्रॅक्टिकलाक रीडिंग तुम्ही आधीच फळ्यार लिवत होतात. रंग बदललो काय नाय, आमी कधी बघूकच नाय. बाबान सांगितल्यान, ही कावीळ. मी तसाच मानून घेतलंय."

निकाल शंभर टक्के लागावा म्हणून मी ते लिहीत होतो.

आता माझ्या फळ्यावर उत्तर नसतं. पोरं चुकतात, मार्क जातात, पालक भांडायला येतात. येऊ देत. तुम्हाला एवढंच सांगतो: कुणी चमत्कार दाखवला, तर आधी निरोगी माणसाचे हात त्या पाण्याखाली धरा. आणि आजाऱ्याला थेट दवाखान्यात न्या. संतोषच्या हातात दोन आठवडे होते.