मधली काळी तीन

तुम्ही त्याला चोर म्हणालात. सही न करता, नाव न लिहिता, दोन ओळींत. "आपण चढवलेली संगीतरचना दुसऱ्या कंपनीच्या मालकीची आहे. सात दिवसांत पुरावा न दिल्यास आपल्या सर्व रचना काढून टाकल्या जातील." सर्व म्हणजे एक्केचाळीस. अकरा वर्षांच्या. त्याने ती रचना तीन वर्षांपूर्वी चढवली, ती तारीख तुमच्याच साइटवर आहे. पण कंपनी म्हणते, आमची त्याआधीची. कंपनी म्हणते म्हटल्यावर विषय संपला.

तर तुमचा हा चोर लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लटकतो, घरी येतो, हातपाय धुतो, फ्रिज बंद करतो आणि कपाटाला खेटून ठेवलेल्या कीबोर्डवर बसतो. फ्रिज बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. पुन्हा चालू करायचं लक्षात राहत नाही. या घराने संगीतासाठी किती दूध नासवलंय, त्याचा हिशेब तुमच्याकडे नाही.

त्याने जॅझ केलं, 'चौथा मजला'. फंक केलं, 'ओव्हरलोड'. त्यावर भांडी घासताना बायकोची मान हलते, पण विचारलं तर ती नाही म्हणते. आणि अख्ख्या वाद्यवृंदासाठी केलं 'दार बंद होत आहे'. चाळीस व्हायोलिन, सहा तुताऱ्या, नगारे. सगळं दोन हातांनी, थरावर थर चढवत. तुम्हाला हीच चोरीची वाटली.

आता नीट ऐका. त्या कीबोर्डची मधल्या सप्तकातली काळी तीन मेलेली आहे. नवा आणला त्याच आठवड्यात सासूबाईंनी तिच्यावर चहा सांडला. कॉम्प्युटरवर तो सूर माउसने टाकता येतो, पण याचं म्हणणं, जो बोटाने वाजला नाही तो आपला नाही. म्हणून तो सूर आला की चाल टुणकन वरच्या सप्तकात उडी मारते, तिथली काळी तीन घेते आणि मुकाट खाली येते. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस रचनांत.

"जगाच्या लिफ्टा दुरुस्त करतोस," बायको म्हणायची, "एक पट्टी होत नाही?"

"सुटा भाग मिळत नाही."

"मग दर आठवड्याला माझ्या आईला त्या चहावरून ऐकवू नकोस."

पाचव्या दिवशी तो एका उंच इमारतीत लिफ्टचं दार बसवत होता. डोक्यावरच्या स्पीकरमधून 'दार बंद होत आहे' सुरू झालं. खरी व्हायोलिन, खऱ्या तुताऱ्या. दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर कंपनीचं नाव होतं, तुमच्या पत्रातलंच. तो हातात पाना धरून शेवटपर्यंत उभा राहिला. मग ते पुन्हा लागलं तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना ऐकवलं.

"छान वाजवलंय हो. तुमच्यापेक्षा छान."

"माहीत आहे, आई."

"पण जावईबापू, ही माणसं मध्येच टुणकन वर का गेली?"

"कोण माणसं?"

"हे चाळीस जण. त्यांची वाद्यं तर धडधाकट आहेत ना? का त्यांच्यावरही कुणी चहा सांडला?"

बायकोने नळ बंद केला. त्या दिवशी फ्रिज चालू होता, म्हणून तेवढी घरघर ऐकू आली.

रात्रीच्या जेवणाआधी पुरावा रवाना झाला. एक्केचाळीस रचना, लिफ्टमधलं रेकॉर्डिंग, मेलेल्या पट्टीचा फोटो आणि सासूबाईंचा स्वहस्ते लिहिलेला जबाब: "चहा मी सांडला. अकरा वर्षांत कबूल केलं नव्हतं, आता करते. कप पूर्ण भरलेला होता."

तुमचं उत्तर चार मिनिटांत आलं. "आपला पुरावा काळजीपूर्वक तपासण्यात आला. निर्णय कायम." एक्केचाळीस रचना ऐकायला पावणेतीन तास लागतात. चार मिनिटांत तुम्ही काय तपासलंत? कप?

सातव्या दिवशी रचना गेल्या. त्याच्या नावाच्या पानावर आता राखाडी चौकोन आहे. लिफ्टमध्ये मात्र सुरूच आहे. माणसं वर जातात, खाली येतात, आणि प्रत्येक फेरीत चाळीस व्हायोलिन विनाकारण उडी मारतात.

तो बेचाळिसावी करतोय. सासूबाई रोज विचारतात, पत्र आलं का. नाही आलं. तेव्हा पुन्हा एकदा, सगळ्या घराच्या वतीने, लेखी: त्या कंपनीच्या वाद्यांवर चहा कुणी सांडला? नाव सांगा.