डाव्या पॅडलची करकर

मित्रांनो, ज्या चित्रपटांना आवाजच नव्हता, त्या चित्रपटांसाठी मी वाजत होते. तुम्हाला हसू येईल, पण हे खरे आहे. माझा एकही सूर कधी पडद्यावर कुणी ऐकला नाही, तरी मी सकाळपासून ऊन उतरेपर्यंत वाजत असे. मी एक जुनी पायपेटी आहे. घडी घातली की माझी ट्रंक होते, उघडली की चार पायांवर उभी राहते. खाली दोन पॅडल आहेत. ती पायांनी दाबली की भात्यात हवा भरते आणि मी गाऊ लागते.

गावोगाव फिरणाऱ्या धर्मोपदेशकांसाठी माझ्यासारख्या पेट्या बनवत. मी मात्र हेस्टर टकर नावाच्या बाईंच्या वाट्याला आले. दर रविवारी त्या प्रार्थनेला मला वाजवत. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून सगळा भार त्या डाव्या पायावर टाकत. त्यामुळे माझे डावे पॅडल सैल झाले आणि करकरू लागले. त्यांचा नवरा ऑर्विल तेलाची कुपी घेऊन आला की त्या म्हणत, "राहू दे रे. निदान मी ताल चुकत नाही हे लोकांना कळतं."

हेस्टरबाईंची छाती अशक्त होती. डॉक्टरांनी कोरड्या, उबदार हवेत जायला सांगितले, म्हणून ती दोघे मला घेऊन कॅलिफोर्नियात आली. संत्र्यांच्या बागांच्या कडेला त्यांनी लहानसे घर घेतले. तिथे त्यांचे काही हिवाळे सुखात गेले. मग एका वसंतात हेस्टरबाई गेल्या.

त्यानंतर ऑर्विलने मला बरेच दिवस उघडले नाही. तो घरात एकटाच असे. खिडकीजवळ हेस्टरबाईंची खुर्ची होती. येताजाता तो खुर्चीच्या हातावर हात ठेवायचा आणि पुढे जायचा. मी कोपऱ्यातून ते पाहत असे.

पुढे काही बागा तोडून तिथे चित्रपटवाले आले. नटांना अभिनय करताना भावना यावी म्हणून त्यांना सेटवर वाजवणारी माणसे हवी होती. ऑर्विलला कामाची गरज होती. त्याने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला खांद्यावर घेऊन तो निघाला.

तुम्ही म्हणाल, मुक्या चित्रपटांचा सेट किती शांत असेल! छे! तीन भिंतींची खोली, वर छपराऐवजी ऊन गाळून घ्यायला पांढरे कापड. एकीकडे सुतार ठोकाठोक करत. कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा, वेग सारखा राहावा म्हणून, तोंडाने मोजत असे. दिग्दर्शक डुगन कर्णा तोंडाला लावून सारखा ओरडत असे, "आता वळ! आता घाबर! अजून घाबर!" या गोंगाटात मी आणि आमच्या जोडीचा वादक पास्क्वाले याचे व्हायोलिन मिळून नटांना हसवायचे किंवा रडवायचे काम करत असू. डुगनला माझी करकर मुळीच खपत नसे. म्हणून ऑर्विलने हेस्टरबाईंच्या जुन्या एप्रनचा तुकडा घडी करून डाव्या पॅडलखाली घातला. मी गप्प झाले. म्हणजे सूर येत होते, पण माझा स्वतःचा आवाज गेला होता.

अशात तेक्ला नोवाक आली. ती खाणीच्या गावातली पोर. आई वारल्यावर मावशीबरोबर इकडे आली होती आणि शेडमध्ये बसून संत्री कागदात गुंडाळत होती. गर्दीच्या दृश्यात उभी राहायला म्हणून आली आणि कॅमेऱ्याला तिचे डोळे आवडले. कंपनीने तिचे नाव बदलून थिया लेन केले. त्या नावाला तिने कधी वेळेवर ओ दिली नाही.

डुगनने तिला पहिली मोठी भूमिका दिली. गोष्ट अशी, की मुलगी दूरगावाहून घरी येते, आई वारल्याचे तिला ठाऊक नसते, आणि तिला आईची रिकामी खुर्ची दिसते. खुर्चीपाशी कोसळून तिने हंबरडा फोडायचा होता. पण तेक्लाला रडूच येईना. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या सकाळी डुगनने सगळ्यांसमोर सांगून टाकले, "हे बघ पोरी, आज ऊन आहे तोवर रडलीस तर चित्रपट तुझा. नाहीतर उद्यापासून दुसरी येईल, आणि तू परत तुझी संत्री गुंडाळायला."

तेक्लाचे ओठ घट्ट मिटले. आम्ही सुरू केले. आमच्याकडची सगळ्यात दुःखी चाल काढली. काही नाही.

"मी व्हायोलिन धरलं की माझी सासूसुद्धा रडते," पास्क्वाले कपाळ पुसत म्हणाला. "ही पोरगी कशाची बनलीय?"

"तुझी सासू व्हायोलिन ऐकून रडत नाही," ऑर्विल म्हणाला. "जावई बघून रडते."

सगळे हसले. तेक्लाही हसली, आणि डुगन आणखी चिडला. "हसायचं नाहीये, रडायचंय! कांदा आणा रे!"

कांदा आला. डोळ्यांतून पाणी वाहिले, पण त्याबरोबर डोळ्यांभोवतीचा काळा रंग वाहिला आणि पांढऱ्या चेहऱ्यावर ओघळ उमटले.

"झालं! आता ही घरी आलेली मुलगी वाटतच नाही, कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी दिसते," डुगन ओरडला.

"मी तिथूनच आलेय, मिस्टर डुगन," तेक्ला म्हणाली. "माझे वडील खाणीतच होते."  ती खाली बसली आणि बाहीने तोंड पुसू लागली, तसे ते आणखी बरबटले.

ऑर्विलने इकडेतिकडे पाहिले. जवळ स्वच्छ कापड नव्हते. तो वाकला, माझ्या पॅडलखालची घडी काढली, झटकली आणि तिच्या हातात दिली.

"घे. कपडा जुना आहे, पण मऊ आहे."

"मिस्टर टकर, तुम्ही उगाच कष्ट घेताय. मला नाही जमणार हे."

"तोंड तर पूस. उद्या संत्री गुंडाळायची, तरी तोंड पुसलेलं बरं."

तिचा चेहरा पुन्हा रंगवला गेला. ऊन कापडाच्या कडेशी सरकले होते. डुगन म्हणाला, "शेवटचं!" कॅमेऱ्याचा दांडा फिरू लागला. ऑर्विलने पाय ठेवले आणि मी गाऊ लागले. आणि सुरांच्या खालून माझा खरा आवाज बाहेर पडला. करकर. करकर. करकर.

डुगनने रागाने आमच्याकडे पाहिले. पण तेक्ला दारातच थांबली होती. तिने मान किंचित कलती केली, आतल्या खोलीतले काहीतरी ऐकावे तशी. तिचा चेहरा उजळला. ती सावकाश खुर्चीपाशी आली आणि आता कुणीतरी आतून येईल अशा विश्वासाने आतल्या दाराकडे बघत राहिली. मग तिचा हात खुर्चीच्या हातावर टेकला आणि तिथेच राहिला. चेहऱ्यावरचे हसू हळूहळू विझत गेले, पण पुरते विझले नाही. डोळ्यांतून पाण्याचा थेंबही आला नाही.

"रड!" डुगन ओरडला. मग त्याने कर्णा खाली घेतला. शेजारची ठोकाठोक थांबली होती. कॅमेरावाल्याचे मोजणे थांबले, पण हात फिरत राहिला.

दृश्य संपल्यावर डुगनने विचारले, "मी काय सांगितलं होतं? रडायला सांगितलं होतं ना?"

तेक्ला भानावर आली. "माझी आई खाणकामगारांचे सदरे शिवायची. तिच्या मशीनचं पॅडल असंच करकरायचं. घरी गेलं की आधी ते ऐकू यायचं. मला वाटलं, ती आत आहे. हाक मारावी म्हटलं." ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."

 ऑर्विलचे पाय माझ्या पॅडलवर तसेच होते.

ऊन गेले होते. पुन्हा दृश्य घेणे शक्य नव्हते. ती फीत धुवून येईपर्यंत तेक्लाने दोन दिवस आपली कपड्यांची पेटी भरून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पास्क्वाले धावत आला. "अरे ऑर्विल, फीत बघितली! डुगन अंधारात टोपी तोंडावर धरून बसला होता. म्हणतो, सिगारचा धूर डोळ्यांत गेला. सिगार विझलेली होती!"

चित्रपट तेक्लाचाच राहिला. तिने एप्रनचा तुकडा धुवून, इस्त्री करून परत आणला. ऑर्विलने तो पॅडलखाली घातला नाही. खिशात ठेवला.

नंतरची वर्षे आमची होती. गावोगावच्या थिएटरांत लोक तिला पाहून डोळे पुसत. तिथे कुणी वेगळाच माणूस वेगळीच चाल वाजवत असे. पण मला वाईट वाटत नसे. माझे वाजणे तिच्या चेहऱ्यावर होते.

मग चित्रपट बोलू लागले. गंमत पाहा मित्रांनो! चित्रपट मुके होते तेव्हा आम्ही सगळे बोलत होतो. ते बोलू लागले आणि आम्हाला गप्प बसवले गेले. जाड दारे आली, चित्रीकरण चालू असल्याचा लाल दिवा आला. "शांतता!" असा हुकूम झाला की माशीलाही उडायची चोरी. ऑर्विल समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेला. त्याने मला कंपनीतच ठेवले, तेक्लाला लागली तर असावी म्हणून. कंपनीवाल्यांनी मला गोदामात ढकलले. उंदरांनी माझा भाता कुरतडला. माझे काही सूर गेले.

एके सकाळी गोदामाचे दार उघडले. दारात तेक्ला होती, आणि तिचा हात धरून ऑर्विल, खूप म्हातारा झालेला. त्या दिवशी ती पडद्यावर प्रथमच बोलणार होती. आपली खाणीच्या गावची बोली ऐकून लोक हसतील, ही धास्ती तिला होती. तिने मला बोलपटाच्या सेटच्या दारापर्यंत आणवले.

"बाई, ही पेटी आत नाही चालणार," दारावरचा माणूस म्हणाला.

"माहीत आहे. आत मीच जाणार आहे," ती म्हणाली.

तिने मला उघडले. ऑर्विलने पाय ठेवले. भाता फाटका होता, सूर एकही निघाला नाही. फक्त करकर झाली. तेक्ला डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिने ऑर्विलच्या गालाला गाल लावला आणि आत गेली. लाल दिवा लागला. जाड दारातून मला काही ऐकू आले नाही. पण दिवा विझल्यावर आतून टाळ्या आल्या, त्या मात्र ऐकू आल्या.

आज मी, जिथे संत्र्यांच्या बागा होत्या, त्याच गावातल्या मुलांच्या वाचनालयात आहे. तेक्लानेच मला इथे दिले. भाता नवा झाला आहे, सूर पुन्हा लागले आहेत, आणि तुमच्यासारखी मुले माझ्यावर चुकतमाकत वाजवतात. मला ते फार आवडते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंची धूळ पुसा. उंदरांपासून, ओलीपासून त्यांना जपा. मोडले असेल ते दुरुस्त करा. पण माझी एवढी विनंती ऐका. माझ्या डाव्या पॅडलला तेल घालू नका. तिथे हेस्टरबाईंचा पाय आहे.